जळबांच्या दातावरचं सोनं

शुक्रवारी सकाळी सात वाजता पुसेगावच्या स्मशानात जळबा कावरखे यांची राख सावडली गेली आणि तिच्यात सोनं सापडलं नाही.

ऑक्टोबर २००१ची ही गोष्ट. जळबा बुधवारी गेले होते. त्यांच्या वरच्या सुळ्यावर सोन्याची टोपी होती. शेवटचं पाणी पाजायला आलेल्या प्रत्येकानं ती चमकताना पाहिली होती. त्यामुळे मुलगा रामकिशन घरून पिठाची चाळणी घेऊनच गेला होता. राख दोनदा चाळली. हाडं निघाली, टोपी निघाली नाही. सरण रचणारा थावरा रात्रभर आगीजवळ बसला होता, म्हणून आधी त्याची गचांडी धरली गेली.

थावराला पारावर बसवून ठेवलं होतं तेव्हा उपकेंद्राची नर्स करुणा खिल्लारे कावरखेंच्या अंगणात आली. रुमालाची गाठ सोडून तिनं सोन्याची टोपी रामकिशनच्या हातावर ठेवली. आबांनी, म्हणजे जळबांनी, ही दोन वर्षांमागे तिच्याकडे सांभाळायला दिली होती, असं तिचं म्हणणं. कुणासाठी दिली, ते मात्र ती सांगेना. या घरात ते नाव घेणार नाही अशी शपथ आबांनी घातली होती.

थावरा सुटला आणि करुणा अडकली. बुधवारी सगळ्यांनी जी टोपी दातावर पाहिली, ती दोन वर्षं हिच्याकडे कशी? जळबांचं अंग तिनंच पुसलं होतं, तेही दार लोटून. रामकिशननं चार माणसांसमोर सांगितलं की तेरावा झाला की सेनगावचं ठाणं आणि मग जिल्हा परिषद.

शनिवारी करुणा हिंगोलीला आली. स्टेशनसमोर सायकलच्या दुकानावर एक खोली होती आणि तिच्या दारावर ‘प्रेमानंद पाईकराव, खाजगी तपास’ अशी पाटी. पाईकराव औरंगाबादच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून लवकर निवृत्त होऊन गावी परतले होते. हिंगोली जिल्हा होऊन दोनच वर्षं झाली होती. खाजगी तपास म्हणजे काय, हे लोकांना अजून नीट ठाऊक नव्हतं. बहुतेक जण हरवलेली म्हैस शोधायला येत.

नरसिंग तिथं बसलेला होताच. त्याची जीप सेनगावच्या रस्त्यावर चाले. पुढं चार, मागं बारा, टपावर कोंबड्या. पाईकरावांना कुठं जायचं असलं की तो सीटा भरणं सोडून त्यांना नेई आणि दिवसभर कुरकुर करी. पुढं कैक वर्षांनी, मीटरगेजचे रूळ उखडले गेले आणि जीपही भंगारात गेली, तेव्हा नरसिंगला त्या कुरकुरीचीच आठवण जास्त येई.

करुणा खुर्चीच्या कडेवर बसली. नोकरी गेली तर दुसरी बघता येईल, असं ती म्हणाली. पण मेलेल्या माणसाच्या तोंडातून सोनं काढणारी बाई म्हणून नाव पडलं, तर पुढं कुणाच्या घरात बाळंतपणाला कोण बोलावणार?

“आबांच्या दातावर मग काय होतं?” पाईकरावांनी विचारलं.

“दुसरी टोपी. मला दिली त्याच्या आठवड्यात नवी दिसली. मी विचारलं, तर नुसते हसले.”

“कुणी करून दिली?”

“ठाऊक नाही. रामकिशनदादांनी दातांच्या डॉक्टरला फोन केला होता. त्यांनी सांगितलं, दुसरी केलीच नाही. पहिलीच दहा वर्षं हलायची नाही.”

नरसिंगला पोरगी आवडली. पण तिची बाजू त्याला कच्ची वाटली. जिना उतरताना त्यानं तसं सांगितलं. पाईकराव म्हणाले, “चोर स्वतःहून माल आणून देतो का रे, दुसऱ्याला सोडवायला?”

“घाबरून देत असंल.”

“थावरा धरला गेल्यावर घाबरायचं काय कारण? ती सुटलेलीच होती.”

नरसिंगनं चावी फिरवली. जीप तिसऱ्या खेपेला सुरू झाली.

कावरखेंच्या घरी सुतक होतं. रामकिशन ओसरीवर बसला होता. केस नुकतेच उतरवलेले, डोळे तांबारलेले. पाईकरावांचं आडनाव ऐकून त्यानं आधी नरसिंगकडं पाहिलं, मग म्हणाला, “तुमी तिच्याच बाजूचे असाल.”

“मी टोपीच्या बाजूचा आहे. दाखवता?”

टोपी कागदात होती. पाईकरावांनी भिंग काढलं आणि ती उन्हात धरली. मग भिंग नरसिंगला दिलं. बाहेरून टोपी गुळगुळीत, गोल. कुठं चेपलेली नाही की ओरखडा नाही. आत पांढऱ्या सिमेंटचा थर होता. कडेकडेनं तो झिजून नाहीसा झाला होता आणि तिथून तंबाखूचा तपकिरी डाग आतपर्यंत पोचला होता. उरलेल्या थराला तळ्यातल्या वाळक्या गाळासारख्या भेगा पडल्या होत्या. नरसिंगला ते पाहून त्याच्या गावचा मे महिन्यातला पाझर तलाव आठवला. त्यानं तसं सांगितलंही. पाईकरावांनी मान हलवली आणि खडूसारखा कण नखानं टोकरला, तर तो गळून पडला.

“राखेत दुसरं काहीच नव्हतं?” त्यांनी विचारलं.

“काळी हिरवट एक गुठळी होती, रिव्हेटवानी. सरणाच्या लाकडाची असंल. टाकून दिली,” रामकिशन म्हणाला.

मग सून द्वारकाबाई चहा घेऊन आली आणि बोलायला लागली. सासऱ्यावर तिचा जीव होता, हे तिच्या तक्रारींवरून कळत होतं. म्हातारा सोन्याला लई जपायचा, ती म्हणाली. रोज सकाळी चिंचेचं बोटूक मागायचा अन् त्यानं दात घासत बसायचा. दर महिन्याला जवळ्याच्या बाजाराला जायचाच. सेनगावचा बाजार जवळ. पण ह्यांना हिंगोलीत गाडी बदलून जवळाच पाहिजे. विकायला काही न्हाई, घ्यायला काही न्हाई. आला की तोंडाला लवंगेचा वास.

“पान खात असतील,” नरसिंग म्हणाला.

“आबा पानाला शिवत न्हवते. तंबाखू तेवढी.”

टोपी बसवली तो दिवस तिला चांगला आठवत होता. साल पंच्याण्णव. सासू लक्ष्मीबाई तेव्हा होत्या. तिघं हिंगोलीला गेले होते. जाताना लक्ष्मीबाईंनी घरून कपिलेचं दूध नेलं होतं, पितळी फिरकीच्या तांब्यात. डॉक्टरांनी टोपी बसवून, तोंडात कापूस घालून आबांना बाहेरच्या बाकावर बसवलं. लक्ष्मीबाईंनी कापूस काढायला लावला आणि म्हणाल्या, नवं सोनं दुधानं धुतल्याबिगर अंगावर घालायचं नसतं. आबा ओरडले, पण बायकोपुढं त्यांचं चाललं नाही. तांब्या रिता होईस्तोवर त्यांना चुळा भरायला लावल्या. अर्धं दूध सदऱ्यावर. समोरचे पेशंट हसून हसून लोळले. परतीच्या गाडीत कुणी हसलं की आबा तोंड फिरवून बसायचे.

सांगताना द्वारकाबाई हसली आणि मग पदर तोंडाला लावला. लक्ष्मीबाई त्यानंतर दोनच वर्षं होत्या.

“टोपीचं सोनं कुठलं?” पाईकरावांनी विचारलं.

द्वारकाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. “आत्याबाईंची, म्हंजे सासूची, गळ्यातली एकदाणी होती. मोडून केली.”

“एकदाणी सुनेला जाते, नाहीतर लेकीला.”

“आबाला लेक न्हाई,” रामकिशन म्हणाला.

भिंतीवर फोटोंची रांग होती. एका ठिकाणी चुन्याचा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा होता. पाईकराव त्याच्याकडं पाहत राहिले. परतताना पुसेगावच्या फाट्यावर नरसिंगच्या ओळखीच्या एका पानवाल्यानं बाकीचं सांगितलं. जळबांना राणी नावाची मुलगी होती. चौऱ्याण्णवला एका कंपाउंडरबरोबर गेली. पोरगा बौद्ध वस्तीतला. त्या दिवसापासून तिचं नाव घरात बंद. शाळेत असताना करुणा आणि ती एका बाकावर बसायच्या.

“म्हंजे करुणा मैत्रिणीचा बदला घेऊन राहिली का काय?” नरसिंग म्हणाला.

“जीप चालव,” पाईकराव म्हणाले.

डॉ. हिरासिंग राठोड यांचा दवाखाना हिंगोलीच्या भाजी मंडईमागे होता. तांड्यावरून येऊन डॉक्टर झालेला हा माणूस, आणि आपल्या कामाचा त्याला अभिमान होता. टोपी त्यानं ग्लास आयोनोमर सिमेंटनं बसवली होती. काचेच्या भुकटीत आम्ल कालवून करतात ते. एकदा घट्ट झालं की तोंडातल्या ओलाव्यात ते वर्षानुवर्षं टिकतं.

“आणि घट्ट होण्याआधी ओलावा लागला तर?”

“तर खडू होतो. हळूहळू धुपून जातं. म्हणून तर कापूस घालतो. जळबांना मी मापाच्या दिवशीच बजावलं होतं, टोपी बसल्यावर तासभर पाण्याचा थेंब नको.” डॉक्टर हसले. “त्यांच्या मंडळींनी त्या दिवशी माझी परीक्षाच घेतली. हा मसाला कशानं निघतो, पाण्यानं का निघतो, किती वेळपर्यंत निघतो. कॉलेजात पोरं इतकं विचारत नाहीत. आठ दिवसांनी टोपी बसवली, तेव्हा मात्र बाई गप्प होत्या.”

नरसिंग तोवर खिडकीतल्या बरण्या बघत होता. एकीत पाण्यात ठेवलेले उपटलेले दात, काहींत पांढरं सिमेंट भरलेलं. खालच्या खणात तसेच दात कोरडे पडलेले. त्यानं एक उचलला, तर त्यातलं सिमेंट भेगाळून भुरभुर त्याच्या बोटाला लागलं. ओशाळून त्यानं दात परत ठेवला.

“तो वर्षभर पडलाय तिथं,” डॉक्टर म्हणाले. “पाण्यातले बघा, जसेच्या तसे. शिकाऊ पोरांना दाखवायला ठेवलेत.”

“आणि हा?” पाईकरावांनी ट्रेमधल्या एका दाताकडं बोट दाखवलं.

“सोमवारी काढला. फेकायचा राहिला.”

त्यातलं सिमेंट गुळगुळीत होतं. पाईकरावांनी तिन्ही दात मागून घेतले, पाण्यातला पाण्यासकट.

जवळ्याचा बाजार भरला, त्या दिवशी ते तिकडं गेले. कापसाच्या गाड्या आल्या होत्या. भज्यांच्या कढया, बांगड्यांचे ढीग, टेपरेकॉर्डरच्या कॅसेटी विकणारा पोरगा. नरसिंग लहानपणी आईबरोबर याच बाजारात यायचा. तेव्हा कडुनिंबाखाली एक दातवाला बसे, आणि त्याच्या फडक्यावर मांडलेले दात बघून नरसिंग आईच्या लुगड्यात तोंड लपवी. कडुनिंब होता. त्याखाली छत्री लावून आता त्या दातवाल्याचा मुलगा हरिचंद बसला होता. समोर तेच फडकं असावं, इतकं ते मळलेलं होतं.

हरिचंदनं आधी नरसिंगच्या तोंडात डोकावून, तीन दात लगेच काढावे लागतील असं सांगितलं. मग जळबांचं वर्णन ऐकून तो गंभीर झाला. गेला का बुढा, म्हणाला. चांगला माणूस.

“त्यांना तुमी टोपी बसवली व्हती?” नरसिंगनं विचारलं.

“बराबर. दोन साल झाले. पितळाची. सोन्याच्या मापाची पाहिजे म्हणे, सोन्याहून चमकली पाहिजे. म्या म्हणलं, बाबा, खऱ्याला काय झालं? तर म्हणे, खरं सुटलं, आता त्याला पुन्हा बसवायचं न्हाई.”

“कशानं चिकटवायचात?” पाईकरावांनी विचारलं.

हरिचंदनं दोन बाटल्या दाखवल्या. एकीत पांढरी भुकटी, दुसरीत लवंगेचं तेल. हा कच्चा मसाला, तो म्हणाला. तोंडाच्या पाण्यात महिना-दीड महिना टिकतो, मग सुटतो. म्हणून बुढा दर महिन्याला यायचा. पक्का मसाला लाव म्हणून म्या कितींदा सांगितलं, तर त्याचं आपलं एकच, राहू दे.

परतीच्या वाटेवर औंढ्याच्या पुढं नरसिंगनं जीप बाजूला घेतली. त्याला आता बरंचसं कळलं होतं, आणि जे कळलं नव्हतं ते विचारायची लाज वाटत होती. पाईकराव म्हणाले, उद्या सगळं एकदमच ऐक.

तेराव्याच्या आदल्या दिवशी कावरखेंच्या ओसरीवर पाच-सहा माणसं बसली. रामकिशन, द्वारकाबाई, डॉक्टर राठोड, नरसिंग. करुणा पायरीखाली उभी होती. द्वारकाबाईनं तिला वर बोलावलं नाही. पण एक पाट सरकवून ठेवला.

पाईकरावांनी टोपी आणि तिन्ही दात ओळीनं मांडले.

“हे सिमेंट जन्मताना पाण्याला भितं,” ते म्हणाले, “आणि मोठं झालं की पाण्यावाचून मरतं. तोंडात आहे तोवर ओलं राहतं, शाबूत राहतं. बाहेर कोरड्यात पडलं की भेगाळतं. हा दात वर्षभर कोरडा होता, बघा. हा पाण्यात होता, बघा. आणि हा जळबा गेले त्याच्या दोन दिवस आधी काढला आणि तेव्हापासून कोरडाच आहे. भेग आहे का?”

रामकिशननं भिंगातून पाहिलं. “न्हाई.”

“आता टोपीतलं पाहा. करुणाबाईंनी ती बुधवारी तोंडातून काढून शुक्रवारी तुमच्या हातावर ठेवली असती, तर दोन दिवसांत एवढा चिखल वाळला नसता. दुसऱ्या दिवशी मी पाहिली, तेव्हाच तो खडू झाला होता. नेमके किती महिने, हे मी सांगणार नाही. पण दिवस नाहीत. आणि घट्ट बसलेली टोपी पकडीशिवाय निघत नाही. पकडीची खूण कुठं आहे?”

डॉक्टर पुढं सरसावले. “पण माझं काम चार वर्षांत सुटायचं नाही.”

“तुमचं काम तुम्ही आत केलंत. बाहेर बाकावर ते दुधानं धुतलं गेलं.” पाईकरावांनी तांब्याची हकिगत सांगितली. डॉक्टर खाली बसले. “पहिल्या पाच मिनिटांत कडेचं सिमेंट गेलं. तिथून तोंडाचं पाणी शिरत राहिलं, मागोमाग तंबाखू. डाग आतपर्यंत आहे. नव्व्याण्णवला टोपी आपोआप हातात आली.”

“मग समद्यांनी पाहिलं ते काय?” रामकिशनचा आवाज चढला. “मी माज्या हातानं पाणी पाजलं आबाला. चमकत व्हतं.”

“सोन्याला रोज चिंच लागते का, द्वारकाबाई?”

द्वारकाबाईचा हात तोंडावर गेला. “चिंच तर आमी तांब्या-पितळाला लावतो.”

मग पाईकरावांनी हरिचंदचं सांगितलं. महिन्याच्या महिन्याला धुपणारा कच्चा मसाला, लवंगेचा वास, जवळ्याच्या फेऱ्या. रामकिशन ऐकत होता. पण बाजारातल्या दातवाल्याच्या शब्दावर त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि तो तसं म्हणालाही. तेवढ्यात द्वारकाबाई उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ती काळी हिरवट गुठळी होती. नवऱ्यानं टाकली होती. तिनं उचलून देवळीत ठेवली होती. आबाच्या अंगासंगं जळलेली वस्तू वाटेवर कशी टाकायची, एवढंच तिच्या मनात होतं.

पाईकरावांनी चिंच मागितली. द्वारकाबाईनंच गुठळी घासली. काळं निघालं आणि खाली पिवळं चमकलं. रामकिशन एकदम पुढं झुकला.

“सोनं आगीत काळं पडत नाही,” पाईकराव म्हणाले.

रामकिशन मागं टेकला. गोठ्यातली गाय तेवढी शेपटी मारत होती.

“चौऱ्याण्णवला राणीताई गेल्या,” पाईकराव हळू म्हणाले. “एकदाणी त्यांच्यासाठी ठेवलेली होती. आबांनी ती मोडली आणि तोंडात बसवली, म्हणजे ती कुणाला चोरून राणीताईंकडं पोचवता येऊ नये. चार वर्षांनी सोनं सुटलं. आबांना ते पुन्हा बसवता आलं असतं. डॉक्टर इथंच होते. पण त्यांनी ते करुणाबाईंकडं दिलं. गावासमोर हरायचं नव्हतं, म्हणून पितळ बसवलं. शपथ कुणाच्या नावाची होती, ते मी सांगितलं. करुणाबाईंनी नाही.”

करुणा खाली बघत होती. तिनं फक्त मान हलवली.

रामकिशननं टोपी उचलली आणि तळहातावर धरून तो बसून राहिला. मग उठला, पायऱ्या उतरला आणि ती करुणाच्या हातात दिली. माफी मागितली नाही. म्हणाला, “कुठं हाय ती?”

“भुसावळला होती. तीन वर्षांमागे. त्यानंतर पत्र नाही.”

“भेटली तर सांग. फोटो हाय म्हणाव, पेटीत.”

थावराच्या घरी जाऊन रामकिशननं त्याला तेराव्याचं जेवायला बोलावलं, असं नंतर कळलं. थावरा गेला नाही.

निघताना द्वारकाबाई जीपपर्यंत आली. नरसिंग बॉनेट उघडून पाणी ओतत होता. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि पाईकरावांना म्हणाली, “एक सांगू का? माज्या लग्नात सोनं आलं, माज्या लेकीच्या, प्रतिक्षाच्या बारशाला आलं. ह्या घरात कवाच कुणी दुधानं धुतलं न्हाई. आत्याबाईंनी बी न्हाई. त्या एकाच बारीला.”

नरसिंगचा तांब्या वाटेतच थांबला. मापाच्या दिवशीचे प्रश्न त्याला आता आठवले. डॉक्टर हसत सांगत होते ते.

“साहेब, म्हातारीनं मुद्दामच—”

“मला कसं कळणार?” पाईकराव म्हणाले. “सिमेंटनं केव्हा सुटलं ते सांगितलं. का धुतलं, ते सांगणारी चार वर्षांमागे गेली.”

करुणाचा चुलतभाऊ दिवाळीनंतर भुसावळला जाऊन आला. खोलीच्या मालकानं सांगितलं की ती मंडळी सुरतेकडं गेली. पत्ता ठेवला नाही. टोपी करुणाकडंच राहिली. डॉक्टर राठोडांनी सांगितल्यावरून तिनं ती इंजेक्शनच्या छोट्या बाटलीत, पाण्यात ठेवली. मीटरगेजची शेवटची गाडी गेली, त्या साली नरसिंग पुसेगावला गेला होता. तेव्हा ती बाटली तिच्या कपाटात होती, आणि ओसरीच्या भिंतीवरचा पांढरा चौकोन फोटोनं झाकलेला होता. राणी तोवर आलेली नव्हती.